साठावे नाव

दिवाळी अंकासाठी काय लिहावे, हा प्रश्न मला दरवर्षी दसऱ्याचे सोने वाटून झाले की पडतो, आणि दरवर्षी त्याचे उत्तर कोणीतरी माझ्या दारात आणून टाकतो. यंदा ते उत्तर सकाळी साडेसहा वाजता, घामाने निथळत आणि धापा टाकीत आले.

आमच्या महाविद्यालयाचा एक जुना विद्यार्थी आहे. बी. ए. होऊन त्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून तो भरतीची तयारी करतो. कोणत्या भरतीची, असे त्याला विचारू नये. जी निघेल तिची. पहाटे यवतमाळच्या रस्त्याने तो सोळाशे मीटर धावतो आणि परतताना आमच्याकडे डोकावतो. सौभाग्यवती त्याला चहा देतात, मी व्याकरणाचे दोन-चार प्रश्न सोडवून देतो, असा आमचा करार आहे. त्या दिवशी मात्र त्याने समास आणि प्रयोग बाजूला ठेवले आणि एकदम विचारले,

“सर, हा उदयन माने कोन?”

“कुठला माने?”

“पुण्याचा. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नाव आलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळला. मंग मी मोबाईलवर पाह्यलं, तं थो वेटिंग लिस्टवरून गेला म्हणते. गोल्फातबी वेटिंग लिस्ट असते काय जी?”

मराठीच्या प्राध्यापकाला गोल्फविषयी विचारणे म्हणजे कीर्तनकाराला विमानाचे तिकीट काढायला सांगण्यापैकी आहे. पण मुलाचा प्रश्न पोकळ नव्हता. हा मुलगा स्वतः गेली दोन वर्षे निरनिराळ्या याद्यांच्या शेपटाला लोंबकळतो आहे. एकदा दोन गुणांनी हुकला. एकदा प्रतीक्षा यादीत चौथा होता. वरचे तिघे घेतले गेले आणि तिथे यादीच संपली. तेव्हा गोल्फच्या निमित्ताने तो दुसरेच काही विचारतो आहे, हे मला कळायला चहा संपण्याचीही वाट पाहावी लागली नाही. “दोन दिवस दे, वाचून सांगतो,” असे म्हणून मी त्याला वाटेला लावले.

आमच्या देवळीचा आणि गोल्फचा संबंध काडीचाही नाही. वर्ध्याहून यवतमाळकडे निघाले की आमचे गाव लागते. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीन. खेळ म्हणावा तर कुस्ती. इथल्याच तालमीत घुमलेले रामदास तडस पुढे २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे वर्ध्याचे खासदार होते, यावरून आमच्याकडे लंगोटाला काय मान आहे ते समजावे. गोल्फचे मैदान मी आयुष्यात एकदाच पाहिले, तेही पुण्याला येरवड्याच्या रस्त्यावर, रिक्षातून. एवढ्या हिरवळीवर किती गुरे चरतील, हा विचार माझ्या मनात प्रथम आला. माणूस गाव सोडतो, पण गाव माणसाला सोडत नाही, ते असे.

तरी दोन दिवस वाचले. खेळ सोपा आहे. म्हणजे सांगायला सोपा आहे. मैदानावर अठरा खळगे असतात. काठीने चेंडू मारीत मारीत एकेका खळग्यात घालावयाचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. मोठी स्पर्धा चार दिवस चालते आणि रोज अठरा खळगे. दोन दिवस झाले की यादीला कात्री लागते. निम्म्याच्या आसपास खेळाडू घरी जातात, आणि जे जातात त्यांना बक्षिसातला पैसाही मिळत नाही. प्रवासभाडे, हॉटेल, पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी, सगळे स्वतःच्या खिशातून. ‘व्यावसायिक खेळाडू’ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे मोटारी आणि बंगले येतात. पण त्यातल्या बहुतेकांचा संसार शुक्रवारी संध्याकाळी त्या कात्रीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत यावर चालतो. आमच्या भागातला शेतकरी पहिल्या पावसाकडे जसा पाहतो, तसा हा माणूस शुक्रवारकडे पाहत असणार.

मला मात्र खरी मौज वाटली ती त्यांच्या जागतिक क्रमवारीची. ही क्रमवारी १९८६ साली सुरू झाली. खेळाडूने प्रत्येक स्पर्धेत मिळवलेले गुण दोन वर्षे हिशेबात धरतात. पण ते कसे? पहिले १३ आठवडे पूर्ण किमतीने. त्यानंतर दर आठवड्याला ते थोडे थोडे झिजत जातात, आणि १०४ आठवडे भरले की शून्य. उरलेल्या गुणांची बेरीज स्पर्धांच्या संख्येने भागतात. आणि चार स्पर्धा खेळून कोणी सरासरी फुगवू नये, म्हणून भाजक निदान ४० धरतात.

वाचकहो, स्वर्गात गेलेल्या माणसाचे पुण्य रोज खर्ची पडते आणि ते संपले की त्याला खाली यावे लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या हिशेबाचे कोष्टक कोणी पाहिले नव्हते. गोल्फवाल्यांनी ते आठवड्यांत मांडून भिंतीवर लावले आहे. मला एम. ए. ला पहिला वर्ग मिळाला होता, ही गोष्ट मी वीस वर्षे पाहुण्यांना सांगत आलो. गोल्फच्या नियमाने तो वर्ग केव्हाच शून्यावर आला. हे मी घरात बोलून दाखवले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “तो तेरा आठवड्यांतच संपला होता. आम्ही सभ्यपणाने गप्प होतो.”

या झिजणाऱ्या हिशेबामुळे गोल्फच्या वर्षाची अखेर मोठी कसोटीची होते. गोल्फमध्ये चार स्पर्धा सर्वांत मोठ्या मानतात: अमेरिकेतली मास्टर्स, पीजीए आणि यू. एस. ओपन, आणि ब्रिटनमधली ओपन. त्यांत शिरण्याची दारे निरनिराळी आहेत. मास्टर्सचे एक दार असे की, डिसेंबर संपताना जगातल्या पहिल्या ५० जणांत जो असेल, त्याला पुढच्या एप्रिलात निमंत्रण येते. तेव्हा ६०-७० व्या क्रमांकावर घुटमळणारे खेळाडू ऑक्टोबरपासून देशोदेशी हिंडू लागतात. आपल्याकडे व्यापारी दिवाळीआधी येणी वसूल करीत फिरतो, तशीच ही धावपळ.

या धावपळीची आपल्या देशातली सर्वांत नामी कथा आहे जीव मिल्खासिंगची. मिल्खासिंगांचा हा मुलगा. वडील १९६० साली रोमला चारशे मीटरच्या शर्यतीत चौथे आले आणि सेकंदाच्या दहाव्या भागाने पदकाला मुकले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलाने धावण्याचे सोडून गोल्फ धरला. १९९९ साली त्याने एक स्पर्धा जिंकली, आणि मग सात वर्षे काही नाही. सात वर्षे! मधल्या काळात मनगट दुखावले, क्रमांक घसरत तीनशेच्या पलीकडे गेला. त्याचे जुने पुण्य केव्हाच आटले होते.

२००६ च्या एप्रिलात त्याने चीनमध्ये एक स्पर्धा जिंकली, पण मास्टर्सच्या दारापर्यंत पोचायला तेवढे पुरेसे नव्हते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. आपल्याकडचे फराळाचे डबे रिकामे होत आले होते, तेव्हा आठ दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, त्याने स्पेनमध्ये वाल्देरामाच्या मैदानावर व्होल्वो मास्टर्स ही मोठी स्पर्धा एका फटक्याने जिंकली. २६ नोव्हेंबरला जपानमध्ये दुसरी. पुढच्याच रविवारी, ३ डिसेंबरला, जपानमध्येच तिसरी. सहा आठवड्यांत तीन विजय, आणि वर्षअखेरीस जगात ३७ वा. २००७ च्या एप्रिलात मास्टर्स खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढे २०१२ साली त्याने असेच केले. ब्रिटनच्या ओपनला चार दिवस उरले असताना, १५ जुलैला स्कॉटलंडमधली स्पर्धा जिंकून त्या आठवड्याच्या ओपनमध्ये शिरला.

दुसरी कथा अर्जुन अटवालची. हा कोलकात्याचा. खांदा दुखावल्यामुळे २०१० च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धांत खेळण्याचे त्याचे कार्डच गेले. अशा खेळाडूंसाठी तिथे सोमवारी एक दिवसाची चाचणी असते. शंभरावर माणसे येतात आणि मोजक्या चौघांना गुरुवारी सुरू होणाऱ्या स्पर्धेत जागा मिळते. म्हणजे आमच्या मुलाची मैदानी चाचणीच म्हणा ना! अटवाल त्या सोमवारच्या दाराने आत गेला, पहिल्याच दिवशी ६१ फटक्यांत खेळला आणि २२ ऑगस्ट २०१० रोजी ती स्पर्धा जिंकून बाहेर आला. हंगामाच्या नेहमीच्या स्पर्धांपैकी ती शेवटची होती. सोमवारच्या चाचणीतून येऊन जिंकणारा खेळाडू त्याआधी १९८६ साली झाला होता.

आता आपला पुण्याचा उदयन माने. त्याची कथा या दोघांइतकी दिमाखाची नाही, आणि म्हणूनच ती मला अधिक जवळची वाटली.

ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये पुरुषांच्या ६० जागा असतात. एका देशाचे साधारण दोनच खेळाडू; अगदी वरच्या पंधरांत असतील तरच चार. त्यामुळे अमेरिकेचे कितीतरी बडे खेळाडू घरी बसतात आणि जगात तीनशेव्या क्रमांकाच्या पलीकडचा खेळाडूही आत येऊ शकतो. टोकियोचे ऑलिंपिक करोनामुळे एक वर्ष पुढे गेले. नवी यादी २२ जून २०२१ च्या क्रमवारीवरून लागायची होती. त्याच्या चारच दिवस आधी, १८ जूनला, मिल्खासिंग वारले. यादी लागली. जगात ३४० वा असलेला आपला अनिर्बान लाहिरी साठाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर आत आला. उदयन माने जगात ३५६ वा. तो बाहेर, राखीव यादीत.

देशातल्या स्पर्धांमध्ये खेळून, जिंकून, गुणाला गुण जोडून तो तिथवर आला होता. यापुढे त्याच्या हातात काहीही नव्हते. चेंडू मारून आता उपयोग नव्हता. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतली आणि जागा मान्याच्या वाट्याला आली. २९ जुलैला तो टोकियोजवळच्या कासुमिगासेकीच्या मैदानावर उभा होता. त्या मैदानावर चांगल्या खेळाडूला दिवसाला ७१ फटके लागावेत असा हिशेब. मान्याला पहिल्या दिवशी ७६ लागले. दुसऱ्या दिवशी ६९. अखेर तो साठांत ५६ वा आला. आपल्या मुलींमध्ये दीक्षा डागर अशीच आयत्या वेळी दुसऱ्या कोणाच्या माघारीने गेली. आणि अदिती अशोक चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर. रोमची ती चौथी जागा पुन्हा आपल्याच नशिबी!

तिसऱ्या दिवशी मुलगा आला, तेव्हा मी हे सर्व त्याला रंगवून सांगितले. सात वर्षे कोरडा गेलेला जीव, सोमवारच्या दाराने आलेला अटवाल, माघारीने आत गेलेला माने. मुलाचे डोळे चमकले. माझ्यातला शिक्षक खूश झाला. त्या दिवशी तो रस्त्यावर आणखी एक फेरी मारून गेला असे नंतर कळले.

ही खुशी बारा तास टिकली. संध्याकाळी दारात हाक आली, “सर, घरी हाव काय जी?” मुलाचे वडील. त्यांचे गावात किराण्याचे लहानसे दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर दुकान सोडून आले, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले,

“सर, पोराले तुमी काय सांगतलं? म्हणते, एक मानूस सात वर्सं हारला आन् मंग जिंकला. म्हणजे ह्यानं आनखी तीन वर्सं धावाव काय?”

मी म्हणालो, “तसे नव्हे. प्रयत्न सोडू नये, एवढेच मी—”

“सर, तुमी जिंकलेल्याची गोष्ट सांगून राह्यले. जे घरी बसले, त्याहिची कोन सांगते?”

मला उत्तर सुचले नाही. खरेच आहे. सोमवारच्या त्या चाचणीला आलेल्या बाकीच्या शंभर जणांची नावे मी वाचली नव्हती. ती कोणी छापलीही नसतील. त्यांतही कोणी सात वर्षे थांबलेला असेल, त्याच्याही घरी कोणी दुकान सांभाळत असेल.

“मी त्याले रागवत नाई,” ते पुढे म्हणाले. “पोरगं मेहनती हाये. पण त्याले दुकान नको, आन् मले सांगता येत नाई का कवा थांब म्हनू. आज म्हनलं तं पाप, उद्या म्हनलं तं उशीर.”

ते गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो. त्यांचे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण ते वाक्य मी पूर्वी ऐकायला हवे होते आणि मला कोणी ऐकवले नव्हते.

माझी स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून हे पुरे होणार नाही. मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जितके तास शिकवावे तितक्या तासांचे पैसे, आणि सुटीत काही नाही. मुलाखती दिल्या त्या मोजायचे सोडून दिले. आम्ही दोघे घरी हिशेब मांडीत असू, तो महिन्याचा. वर्षाचा मांडायला भीती वाटे. माझे वडील कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्या वेळी मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. आज वाटते, त्यांनी एकदा जवळ बसवून “किती दिवस?” असे विचारले असते, तर बरे झाले असते. मी रडलो असतो, भांडलो असतो, पण मोजलेही असते.

आणि नोकरी मिळाली ती कशी? एका मुलाखतीत मी दुसरा आलो. पहिल्या आलेल्या गृहस्थांना त्यांच्या गावाजवळ जागा मिळाली, ते रुजू झाले नाहीत, आणि पत्र मला आले. म्हणजे मी उदयन मान्याच्याच जातीचा. कित्येक वर्षे मला याची लाज वाटे. वर्गात शिरताना वाटे, ही जागा दुसऱ्याची आहे. मान्याचे ७६ आणि ६९ हे आकडे वाचले, तेव्हा प्रथमच मनाला हलके वाटले. साठावा आत येवो की माघारीने येवो, खळगे सर्वांना अठराच. तिथे चेंडूला कोणी विचारीत नाही की तुझा मालक कोणत्या दाराने आला.

पण त्या रात्री मला दुसरीच गोष्ट लक्षात आली. मान्याची गोष्ट मी मुलाला सांगितली, त्यात मुख्य भागच सांगायचा राहिला होता. मान्याला २२ जून ही तारीख ठाऊक होती. जागा ६० आहेत हे ठाऊक होते. दर आठवड्याला आपला क्रमांक काय, वरचा कोण, आपण किती मागे, हे छापून येत होते. करोनाने ऑलिंपिक पुढे गेले तेव्हा ती तारीखही पुढे गेली, पण एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर गेली. हवेत गेली नाही. जीवला ३१ डिसेंबर ठाऊक होता. अटवालला सोमवार ठाऊक होता. ते हरले असते तरी त्यांना कळले असते की आपण हरलो, अमुक दिवशी, इतक्या गुणांनी.

आमच्या मुलाला यांतले काय ठाऊक आहे? जाहिरात निघेल तेव्हा निघेल. परीक्षा पुढे ढकलली जाईल, पुन्हा ढकलली जाईल. जागा वाढतील किंवा कमी होतील. यादी लागली तरी तिच्या खाली आणखी एक यादी असते आणि ती केव्हा संपली हे कोणी सांगत नाही. अशा वाट पाहण्याची आमच्या गावाला सवय आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे होणार, होणार, असे ऐकता ऐकता आमच्या शाळकरी मुलांना मिशा फुटल्या. अखेर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्यापासून कळंबपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि देवळीला रेल्वे आली. पण रेल्वे वाट पाहता पाहता म्हातारी होत नाही. भरतीला वयाची अट असते.

मेहनत करणाऱ्या मुलाला मेहनत जड जात नाही. तो पहाटे आनंदाने उठतो. त्याला खाते ते हे बिनतारखेचे थांबणे, आणि त्याच्या बरोबरीने घरातल्या सगळ्यांनाच ते खाते. बाप बोलत नाही, आई देवाला बोलते, आणि मुलगा दोघांच्या डोळ्यांना डोळा देत नाही. सरकारी यादीला तारीख देणे माझ्या हातात नाही. पण घराला तारीख ठरवता येते.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना एकत्र बोलावले. सांगितले, “गोल्फची गोष्ट मी अर्धी सांगितली होती. आता उरलेली ऐका.” आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. स्वतःची नऊ वर्षेही सांगितली. ती मी आजवर कोणा विद्यार्थ्याला सांगितली नव्हती. मुलगा खाली पाहत होता. मग म्हणाला, “सर, म्हणजे सोडू म्हणता?”

“नाही. मोज म्हणतो. किती परीक्षा देणार, केव्हापर्यंत, ते तू ठरव. तोपर्यंत वडील एक शब्द बोलणार नाहीत, आणि त्या दिवसानंतर तू एक दिवस जास्त मागणार नाहीस. मधल्या काळात सकाळी धाव, दुपारी चार तास दुकानात बस. जीव मिल्खासिंगसुद्धा सात वर्षे घरी बसून नव्हता. दर आठवड्याला कुठे ना कुठे खेळतच होता.”

मला वाटले होते, मुलगा दोन वर्षे मागेल आणि बाप सहा महिने म्हणेल, आणि मला बाजारातल्या दलालासारखे मध्ये बसावे लागेल. झाले उलटेच. मुलगा म्हणाला, “पुढच्या दिवाळीपर्यंत.” आणि बाप पटकन म्हणाला, “त्याच्या पुढची दिवाळी धर. पुढच्या वर्षी भरतीच नाई निघाली तं?” पोरगा बापाकडे पाहतच राहिला. चार वर्षांत त्याला प्रथमच कळले असावे की बाप आपल्या बाजूचा आहे. शेवटी दोघांचे पुढच्या दिवाळीनंतरच्या मकरसंक्रांतीवर जमले. तिळगुळाच्या दिवशी काय तो निकाल.

जाताना वडिलांनी मला विचारले, “सर, तारीख तोंडी नको. लिवून ठेवाव काय?” लक्ष्मीपूजनासाठी त्यांनी नवी वही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर पूजेच्या दिवशी ‘श्री’ लिहितील, शुभ-लाभ लिहितील, हळदकुंकू वाहतील. तारीख त्यांनी शेवटच्या पानावर लिहायचे ठरवले आहे, मुलाच्याच हस्ताक्षरात. त्याचे अक्षर बरे आहे. ते मी घोटून घेतलेले आहे.

ही भरती त्याला मिळेल की नाही, हे मला सांगता येत नाही. त्याच्यावर असलेल्या एखाद्याने माघार घेतली तर मिळेल. न घेतली तर संक्रांत येईल आणि तो दुकानाच्या गादीवर बसेल, किंवा तिसरेच काही करील. अलीकडे तो दुपारी दुकानात दिसतो. परवा मी गूळ आणायला गेलो, तेव्हा काट्याखाली व्याकरणाचे पुस्तक उघडे होते. गूळ त्याने पन्नास ग्रॅम जास्त टाकला. मी म्हणालो, “अरे, हे जास्त झाले.” तर हसून म्हणाला, “सर, गोल्फमध्ये कमी तो जिंकते. किराण्यात तसं नसते.”

बापाने आतून आवाज दिला, “पैसे मोजून घे पह्यले!”